शेवटच्या थांब्यावरचं घर

४ मार्च, सोमवार

दादा,

खुशाली शेवटी विचारीन. आधी भांडून घेते, कारण तीन वर्षांचं साठलंय. माझा फोन वाजला की तू तो उलटा करून ठेवतोस हे मला ठाऊक आहे. पत्र मात्र तू फोडल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणापासून दुसऱ्यांचीही फोडायचास.

काल वहिनी माझ्या ऑफिसात आली होती. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "ह्यांना कळता कामा नये हं." मी मान डोलावली आणि आज तुला सगळं लिहायला बसले. तिच्यावर डोळे वटारू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या कानावर जावं म्हणूनच ती माझ्याकडे आली, असं मी धरून चालते.

तर, तिचे गुडघे आता तीन जिने चढत नाहीत, म्हणून तुम्ही राहतं घर सोडताय. इथपर्यंत ठीक. पण तू नवीन घर कुठे ठरवलंस? जिथून बस मागे वळते तिथे. शहराच्या टोकाला, शेवटच्या थांब्यापुढे, रस्ता संपतो तिथलं एकटं घर. टोकन देऊन मोकळा झालास, एकवीस तारखेला सही. वहिनीने फोटो दाखवले. घर देखणं आहे, नाही म्हणत नाही. लांब ओटा, मोठ्या खिडक्या, मागे मोकळं माळरान. मी फोटो पाहिले आणि फोन तिला परत दिला. घर कुठे आहे ते फोटोत कधी दिसतं का?

आता मी जे गिऱ्हाइकांना विचारते तेच तुला विचारते. दवाखाना किती लांब? बसने पाऊण तास. संध्याकाळची शेवटची बस गेल्यावर काय? काही नाही. किराणा? एक टपरी, तीही मालकाला वाटेल तेव्हा उघडी. आणि वहिनी? ती कोथिंबिरीची जुडी आणायला गेली तरी चार जणींची ख्यालीखुशाली घेऊन तासाने परत येते. त्या माळावर ती कुणाशी बोलणार, कुंपणाशी?

हयातभर तू लोकांना घरं विकलीस आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ओटा बघून भुललास. हे माझ्या पचनी पडत नाही. घराचा रंग बदलता येतो, ओटा तोडून नवा घालता येतो, भिंतसुद्धा हलवता येते. घर आहे तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून तर माझ्याकडे किल्ली पर्समध्येच राहते. गिऱ्हाइकाने आधी बस थांब्यापासून दारापर्यंत चालायचं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, हातात सामानाची पिशवी घेऊन. दार सगळ्यात शेवटी उघडतं. तू ह्याला माझं खूळ म्हणायचास. आपलं बिनसलं तेही ह्याच खुळापायी. त्या शिक्षिकाबाईंना तू संगमरवरी फरशीचं घर जवळजवळ विकलं होतंस. मी त्यांना वारा फिरल्यावर घराच्या मागे नेलं, रंगाच्या कारखान्याचा नाला हुंगायला लावला आणि व्यवहार फिसकटला. "तू माझ्या पोटावर पाय दिलास," म्हणालास. मी माझं टेबल उचललं आणि निघाले. आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन.

तेव्हा ती सही करू नकोस. टोकन बुडलं तर बुडू दे.

तुझी तब्येत कशी आहे?

भिंगरी

९ मार्च, शनिवार

दादा,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, एक ओळ: "माझ्या घरात नाक खुपसू नकोस." तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. रागाने का होईना, लिहिलंस. मला बरं वाटलं.

नाक खुपसणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे पुढे चालू ठेवते.

ह्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं. ती नर्स, तो छापखान्यात. दोघं शहरात नवी, दोघं हट्टी. दोन घरांमध्ये घोळ चालला होता. एक ऐसपैस, स्वस्त, कारखान्याच्या लांबच लांब भिंतीच्या मागे. दुसरं लहान, महाग, बाजाराच्या तोंडाशी. त्याला ऐसपैस हवं होतं. म्हणाला, "बाई, कमी पैशांत एक खोली जास्त मिळतेय, मग कशाला?" मी वाद घातला नाही. नर्सची ड्यूटी सुटते त्या वेळी, दिवेलागणीला, दोघांना थांब्यावर बोलावलं. तिला म्हटलं, तू हो पुढे, तू रोज अशीच एकटी येणार आहेस. आम्ही दोघं थांब्यावरच उभे राहिलो. त्या भिंतीला ना दार, ना खिडकी, ना दुकान. ती पन्नासेक पावलं गेली असेल. पर्स छातीशी धरली आणि चाल वाढवली. मागे वळून पाहायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "दुसरं दाखवा."

मी त्याला एक शब्दही समजावला नव्हता. जागेची किंमत कागदावर लिहून कळत नाही, ती माणसाला तिथे चालवून कळते. हे मी तुला शिकवतेय असं समजू नकोस. गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकू नकोस, ते कुठे रेंगाळतं आणि कुठे घाई करतं ते बघ, हे मला तूच शिकवलंस. त्याची गुरुदक्षिणा म्हणून हे पत्र.

आता मुद्द्यावर येते. वहिनीचा काल फोन आला होता. ह्या घराआधी तू चार घरं नाकारलीस म्हणे, आणि चारही माझ्या पाहण्यातली. एकही वाईट नाही. एकात ऊन येत नाही म्हणालास, ते भरपूर येतं. दुसऱ्याचा शेजार वाईट. तिथे शेजारी एक म्हातारी आणि तिचं मांजर. तिसऱ्याचा जिना अरुंद, आणि ते तळमजल्यावर आहे. चौथ्याला तर तू नुसतंच "नको" म्हणालास. दादा, कारणं बदलत राहिली की खरं कारण भलतंच असतं, हे आपल्या धंद्यातलं लहान पोरही सांगेल. कुठेतरी पाणी मुरतंय.

वहिनीला वाटतं, तू माणूसघाणा झालास. स्कूटर विकलीस, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. ऑफिसात जाणं बंद केलंस. कुठेही जायचं तर एक तास आधी निघतोस आणि कुणी सोबत येतो म्हटलं की चिडतोस. ती म्हणते, वयाने होतं असं. मला नाही पटत. तुझा स्वभाव मी जन्मापासून बघतेय, तू चिडतोस ते लपवायला.

मी तिकडे जाऊन येते. किल्लीची गरज नाही, मला रस्ता बघायचाय.

भिंगरी

१५ मार्च, शुक्रवार

दादा,

हे पत्र एकटा असताना वाच.

मंगळवारी दुपारी मी ती बस पकडली. शेवटच्या थांब्याचं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "त्या साहेबांच्या कोण तुम्ही? नाक अगदी तेच आहे." मी बहीण म्हटल्यावर तो सुटलाच. तोही माझ्याच जातकुळीतला, पोटात काही न राहणारा.

म्हणाला, साहेब थंडीपासून येताहेत, आठवड्यातून दोन-तीनदा. पुढच्याच सीटवर बसतात. फोन बघत नाहीत, डुलकी घेत नाहीत, बाहेर बघत ओठ हलवत असतात. शेवटच्या थांब्यावर उतरतात, सरळ चालत त्या घराच्या फाटकापर्यंत जातात, फाटकाला हात लावतात आणि त्याच बसने परत. "मी म्हटलं, घर घ्यायच्या आधी वाट पाठ करताय की काय? तर हसले." मग त्याने आवाज उतरवला. एकदा तू मध्येच उतरलास, गोदामांच्या थांब्यावर. तो पुढची फेरी घेऊन आला तेव्हाही तू तिथेच बाकावर बसला होतास. त्याला म्हणालास, "बरं झालं तुम्ही आलात. इथून घरी कसं जायचं ते मला आठवेना." आणि कुणाला सांगू नका म्हणालास.

मी शेवटच्या थांब्यावर उतरले. तिथून फाटक दिसतं. एकही वळण नाही, फाटा नाही, चौक नाही. बसमध्ये झोप लागली तरी कंडक्टर उठवून उतरवणारच. उतरल्यावर नाकासमोर चालत राहिलं की घर. मी फाटकाच्या कठड्यावर बसले आणि तू नाकारलेली चार घरं एकेक करून डोळ्यांपुढे आणली. पहिलं, चौकातून डावीकडे आणि मग पाण्याच्या टाकीमागे. दुसरं, दोन बोळ सोडून तिसऱ्यात. तिसरं आणि चौथं तर सांगायलाच नको, मीसुद्धा तिथे एकदा चुकले होते. चारही घरांना वळणं होती. ऊन, शेजार, जिना, सगळ्या थापा.

दादा, तू वाटा विसरायला लागला आहेस.

पाकिटाच्या मागे तीन रेघा ओढून गिऱ्हाइकाला अख्खी वस्ती समजावून सांगणारा तू. ज्याच्या मागे स्कूटरवर बसून मी हे शहर शिकले तो तू. मी तिथे बसून रडले. आसपास चिटपाखरू नव्हतं म्हणून मोठ्याने रडले. त्या जागेचा मला सापडलेला हा एकच फायदा.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. आधी तुझी पाठ थोपटते. स्वतःच्या दुखण्याला साजेशी जागा तू हुडकून काढलीस, कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीस. मी तुला ओट्यावर भुललेला म्हणाले, ते शब्द परत घेते. पण जागा चुकलीच आहे, आणि हे मी आता पहिल्यापेक्षा ठामपणे सांगते. आज तुला एक सरळ वाट आठवते म्हणून तू त्या वाटेवरचं घर घेतोयस. उद्या तीही पुसली गेली तर? त्या माळावर विचारणार कुणाला? वहिनी तुला शोधायला निघाली तर ती कुणाच्या दारावर थाप मारणार? तू अशी जागा निवडलीस जिथे तुला चुकताना कुणी पाहणार नाही. चुकलेल्या माणसाला कुणीतरी पाहावं लागतं, दादा, त्याशिवाय तो सापडत नाही.

माझ्याकडे एक फ्लॅट आहे. आपलं जुनं ऑफिस होतं त्याच गल्लीत, आतल्या बाजूला, तळमजल्यावर. गल्ली तुला माहीत आहे, नुसती वेडीवाकडी, थांब्यापासून दारापर्यंत चार वळणं. तू ऐकताक्षणी नको म्हणशील. पण पहिल्या वळणावर औषधवाला आहे, दुसऱ्यावर शिंपी, तिसऱ्यावर इस्त्रीवाली बाई, चौथ्यावर ते निवृत्त मास्तर, जे दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करतात. ह्यातल्या निम्म्यांना जागा तू दाखवल्यास. तुला वाट आठवली नाही तरी त्यांना तू आठवतोस. हयातभर मी लोकांना दवाखाना किती लांब, बाजार किती लांब हे मोजायला शिकवलं. तुझ्या बाबतीत मी एवढंच मोजलं, की दर वळणावर तुला हाक मारणारा कुणी आहे की नाही.

आणि डॉक्टरकडे जा. मी वेळ घेऊन ठेवते, तू आरडाओरडा कर, पण जा.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. तिचा दोनदा फोन आला, मी हवापाण्यावर बोलले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात काही राहिलंय आणि ते टोचतंय. ते तू सांगायचं आहेस, आणि एकवीस तारखेच्या आधी. तिच्या नकळत तिला त्या माळावर नेऊन ठेवू नकोस. एवढं एक माझं ऐक.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. घाबरले आहे.

भिंगरी

२३ मार्च, शनिवार

दादा,

काल समोरासमोर भेटलो, तरी लिहितेय. वहिनी मध्ये असताना तू मला डोळ्यांनी गप्प बसवत होतास, मग उरलेलं कुठे बोलू?

तू सही केली नाहीस हे मला गुरुवारी दुपारीच कळलं. वहिनीचा फोन आला. आधी बराच वेळ नुसतं नाक ओढत होती. तू तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलंस म्हणे, ती कणीक मळत असताना. रडून झाल्यावर ती भडकली ती स्कूटरवरून. "डोळ्यांमुळे म्हणाले होते मला! मी त्यांना रोज गाजरं खाऊ घातली!" गाजरांचा राग तिला अजून दोन दिवस पुरेल. पुरू दे. त्या रागाच्या आडोशाने ती हळूहळू बाकीचं पचवील.

काल गल्लीत तुला चालताना पाहिलं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी मुद्दाम मागे राहिले, तुला कळलं असेलच. शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली तेव्हा तू थबकलास. तुला तो आठवला नाही. तुझे कान लाल झाले, मला मागून दिसले. तो उठून बाहेर आला, म्हणाला, "साहेब, हे दुकान तुम्हीच दाखवलं होतंत मला." तू त्याच्याकडे बघत राहिलास आणि विचारलंस, "चांगलं दाखवलं होतं का?"

तो म्हणाला, "तेव्हापासून हललो नाही."

तुझी मान जरा वर झाली. माझी तर आभाळाला टेकली.

दारापाशी वहिनी मास्तरांशी बोलत राहिली (बघ, पाच मिनिटांत तिला एक माणूस मिळाला), तेव्हा तू मला बाजूला घेतलंस.

"भिंगरे, इथे राहिलो तर सगळ्यांना कळेल."

"कळायलाच हवं. नाहीतर तुला घरी आणून कोण सोडणार?"

  लोक कुजबुजतील, कुणी मुद्दाम मोठ्याने बोलेल, एखादा टवाळ हसेलही. होईल हे सगळं, मी खोटं सांगणार नाही. आतापर्यंत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, भावाला कशाला सांगू. त्या टवाळाला मी बघून घेईन. पण तुला काल शरम वाटली, आणि तरीही तू दुसऱ्या वळणावरून मागे फिरला नाहीस. ते मी पाहिलंय.

मग मी नियमाप्रमाणे म्हटलं, अजून एकदा संध्याकाळी चालून बघ, किल्ली तेव्हा. तर हात पुढे करून म्हणालास, "मला धंदा शिकवू नकोस. दे इकडे." तीन वर्षांत कुणी मला असं दरडावलं नव्हतं. मी किल्ली दिली आणि तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

काल सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते वहिनीने सांगितलं. थांबवता येणार नाही, रेंगाळवता येईल. मग रेंगाळवू. घासाघीस करण्यात आपल्या दोघांचा हात कुणी धरलाय?

भिंगरी

२ मे, गुरुवार

दादा,

सामान लागलं, पडदे वहिनीच्या मनासारखे लागले, आता हे तू मागितलंस ते. "गिऱ्हाइकाला लिहून देतेस तसं दे, लाडाने लिहू नकोस," अशी तुझी ताकीद होती. ती पाळते. हा कागद वहिनी रोज धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवील. मी चार प्रती केल्या आहेत.

बसमधून उतरलास की रस्ता ओलांडू नकोस. ज्या बाजूला उतरलास त्याच बाजूला औषधाचं दुकान आहे. त्याच्या कडेने आत वळ. शिंप्याचं मशीन ऐकू येईल, तिथे उजवीकडे. मशीन बंद असेल तर दारात खुर्ची टाकलेली असते. पुढे वाळत घातलेले कपडे दिसतील, ती इस्त्रीवाली बाई. तिथे डावीकडे. मग मास्तरांची खिडकी. ते काहीतरी विचारतील, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खिडकीला लागून वळलास की समोरचं पहिलं दार. तळमजला. बेल खालच्या बाजूला आहे. दार वहिनी उघडील.

ह्यातलं काही आठवलं नाही, दिसलं नाही, गल्लीच वेगळी वाटली, तर जिथे असशील तिथे थांब. घाई करू नकोस. समोर येईल त्याच्या हातात हा कागद दे. पुढचं त्याच्यासाठी लिहिते आहे.

तुम्ही जे कोणी असाल त्यांना,

हा माझा मोठा भाऊ. वरच्या पत्त्यावर राहतो. कृपा करून ह्याला घरी सोडा, नाहीतर मागे लिहिलेल्या नंबरावर मला कळवा, मी लगेच निघते. ह्याच्याशी मोठ्याने बोलू नका, ह्याला नीट ऐकू येतं. वाटेत हा तुम्हाला विचारील, तुम्ही कुठे राहता, सकाळी ऊन कुठून येतं, थांबा किती लांब आहे. खरं ते सांगा. राहायची जागा ह्याच्याइतकी ह्या शहरात दुसऱ्या कुणाला कळत नाही.